खांडीवर एकटीला सोडत नाहीत

अतिया कामावर आली आणि पहिलं भांडण मिश्रीवरून झालं.

सकाळचं काम उरकून आम्ही बायका भेंडीच्या सावलीला टेकलो होतो. नीराने कनवटीची डबी काढली, चिमूटभर मिश्री तळहातावर घेतली आणि बोट दाताला लावणार, तोच ही हेल्मेटवाली पोरगी समोर येऊन उभी राहिली.

"मावशी, हात धुतले?"

"जल्म मातीत गेला गो आमचा. किती धुवायचे?"

"ही नुसती माती नाही. ह्यात डिझेल आहे, पेट्रोल आहे, कसकसलं जळकं तेल आहे. बोटावरून दाताला आणि दातावरून पोटात जाईल."

"जाऊ दे. गाडीवानी पळेन मग."

सगळ्या हसल्या. अतियाही हसली, पण हलली नाही. साबण आणि बादली आणून तिने नीरापुढे ठेवली आणि नखांच्या आतली काळी रेघ निघेपर्यंत तिथेच उभी राहिली. दुसऱ्या दिवशीपासून सावलीला बसायच्या आधी बादली ठेवलेली असायची. मिश्री लावू नका असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर तिचं कोणीच ऐकलं नसतं.

नीरा माझी धाकटी जाऊ. एका घरात आलो, एका मिठागरात राबलो. पुढे चुली वेगळ्या झाल्या, पण ओटी एकच राहिली. तिचा नवरा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तोंडाने फटकळ, अंगाने काटकी. मी तिच्या दुप्पट. गावात आम्हाला एकीच्या नावाने हाक मारली की दुसरी ओ देते.

आमचं मिठागर रेवसच्या अलीकडे खाडीला लागून होतं. शेजारी टँकर धुवायचं आवार होतं. जमिनीखाली तेलाच्या टाक्या पुरलेल्या होत्या आणि त्या गळत होत्या, हे आम्हाला कळलं ते आमच्या मिठावरून. मीठ पिकायच्या कोंडीतल्या पाण्यावर मोराच्या पिसासारखा रंग फिरू लागला. मग मिठाला वास यायला लागला आणि व्यापारी ते उचलेनात. पुढे आवारही बंद पडलं आणि मालक कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. आता सरकारने ती तेलाने भिजलेली माती काढायचं काम एका ठेकेदाराला दिलं. आमच्याच गावचा काळूराम त्यांचा मुकादम झाला आणि त्याने आम्हा मिठागरवाल्या बायकांना कामावर घेतलं. आमचं मीठ नासवणारी माती आम्हीच उपसत होतो. मला त्यात बरं वाटायचं.

काम तसं अवघड नव्हतं. अल्पेश नावाचा पोरगा पोकलेनने माती काढायचा. आम्ही त्यातले दगड, पाइपाचे तुकडे, प्लास्टिक वेगळं करायचं, ढिगांवर ताडपत्री ओढायची, धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं. अवघड होता तो साज. लुगड्यावरून पांढरा झगा, पायात गमबूट, हातात रबरी मोजे आणि नाकावर दोन डब्यांचा मास्क. मिठागरात पायताण घालून उतरायची आमच्यात रीत नाही. मीठ अन्न आहे. सगळा जन्म अनवाणी गेला, त्यामुळे गमबुटात पाय परक्याचे वाटायचे.

"साठी उलटल्यावर नवरीसारखं नटवलंस गो आमाला," नीरा म्हणायची.

"नवरी अशी असते?" अतिया मास्कचा पट्टा ओढून बघत म्हणायची. "मग लग्न मोडलंच समजा."

अतिया मुरुडची, कामावर कोणाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून ठेकेदाराने नेमलेली. वय माझ्या नातीएवढं. डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट आणि छातीला एक डबी अडकवलेली. ती डबी वास मोजायची. वास वाढला की चिमणीसारखी ओरडायची आणि अतिया सगळ्यांना मागे हटवायची. आम्हाला वाटायचं, आमचं नाक काय कमी आहे? तर ती म्हणाली, "नाकावर विसंबू नका, मावशी. थोड्या वेळाने नाक थकतं. वास गेला असं वाटतं, पण तो तिथेच असतो."

तिचा सगळ्यात मोठा जाच खड्ड्यावरून होता. जिथून टाक्या काढल्या तिथे दोन पुरुष खोल खड्डा झाला होता. त्यात उतरायचं तर आधी डबी दोरीने खाली सोडून बघायची, मग कमरेला आणि खांद्याला पट्टा बांधायचा आणि दोरीचं टोक वरच्याच्या हातात द्यायचं. वर लोखंडाची तीन पायांची घोडी उभी केलेली होती, कप्पी लावलेली. आम्ही त्या घोडीवर जेवणाच्या पिशव्या अडकवायचो. अतिया रोज त्या उतरवून सावलीत नेऊन ठेवायची.

"एक आत, एक वर," ती सांगायची. "आणि काही झालं तरी वरच्याने उतरायचं नाही."

"म्हणजे वरची नुसती बघत राहणार?" नीराने विचारलं. "फुकटची मजुरी."

हे तिला का बोचलं ते सांगायला हवं. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो. उधाणाला त्या बांधाला भोक पडतं, त्याला खांड म्हणतात. बोटभर भोक बघता बघता दाराएवढं होतं आणि सबंध गावाची जमीन खारी करून जातं. म्हणून खांड दिसली की विचारायचं नाही, उतरायचं. चिखल, पेंढा, गोणी, हाताला लागेल ते कोंबायचं. काहीच नसलं तर पाठ लावून बसायचं. आणि ज्याच्या कानावर हाक पडेल त्याने मागोमाग उतरायचं. खांडीवर एकटीला सोडत नाहीत. माझ्या लग्नानंतर वर्षभरात नीरा घरात आली, आणि तिच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही दोघी पाठीला पाठ लावून अशा एका खांडीत बसलो होतो. सासू वरून गोणी फेकत होती. तोवर आमचं एकमेकींशी धड बोलणंही नव्हतं. त्या दिवशी पाणी उतरेपर्यंत इतकं बोललो, की सासूनेच शेवटी गप्प बसवलं.

होळी जवळ आली होती. पुनवेचं उधाण चढत होतं. दुपारची जेवणाची सुट्टी झाली, पोकलेन थांबला, आम्ही मास्क, झगे काढून हात धुऊन बसलो. अतिया पत्र्याच्या खोलीत फोनवर कोणाशी तरी बोलत होती. नीरा पाणी पिऊन येते म्हणून उठली आणि तिची हाक आली.

"खांड पडली गो. चंद्राबाय, खांड."

मी वळून बघितलं. खड्ड्याच्या खाडीकडच्या भिंतीतून पाण्याची धार आत पडत होती. नीराच्या डोक्यात काय आलं ते मला तिने न सांगता कळलं. भरतीचं पाणी आत भरेल, ओहोटीला तळातलं काळं तेल घेऊन बाहेर पडेल आणि जे थोडं मिठागर उरलंय तेही जाईल. तिने बाजूचं ओलं ढेकूळ उचललं, लुगडं खोचलं आणि उतारावरून घसरत खाली गेली. पट्टा नाही, डबी नाही, काही नाही.

तिने ढेकूळ धारेत कोंबलं. दुसरा गोळा उचलायला वाकली. आणि वाकलेली तशीच गुडघ्यावर बसली. मग कुशीवर कलली, जशी दुपारची झोप लागावी तशी.

मी धावले. खड्ड्याच्या काठावर पाय टाकला असेन नसेन, मागून कोणीतरी कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघी धप्पकन चिखलात पडलो. अतिया होती. एवढीशी पोर, पण मला हलू देईना.

"मावशी, तुम्ही उतरलात तर मला दोन काढाव्या लागतील."

"सोड गो. जाऊ हाय ती माझी."

"म्हणूनच वर थांबा."

काळूरामचा एक पाय काठावरून खाली गेला होता. त्याला तिने बसल्या जागेवरून हाक मारली. "काळूरामदादा, तुम्ही गेलात तर दोरी कोण ओढणार? घोडी सरकवा. अल्पेश, पंखा सुरू कर आणि त्याचा पाइप खाली सोड. बाकीच्या सगळ्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला या. कोणी तंबाखू, काडेपेटी काढायची नाही."

दोन बायकांनी मला धरून ठेवलं. पंखा घरघरायला लागला. अतिया धावत खोलीत गेली आणि पाठीवरची हवेची टाकी घेऊन आली. इथपर्यंत ती धावली. त्यानंतर मात्र ती धावली नाही.

तिने टाकी पाठीला लावली. खांद्याचे पट्टे लावले, ओढून बघितले. कमरेचा लावला, ओढून बघितला. मांड्यांचे लावले. काच असलेला मास्क तोंडावर चढवला, त्यावर तळहात दाबून श्वास घेतला, कुठून तरी हवा जात असावी, तो काढला, रुमाल मागे सारला, पुन्हा चढवला. खाली नीरा पडलेली. वरून पाण्याची धार तिच्या पायाशी येत होती. आणि ही पट्टे लावत होती.

मी तिला तोंडाला येईल ते बोलले. "तुझी आई असती खाली तर असे पट्टे लावत बसली असतीस?" असंही बोलले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मास्क पुन्हा दाबून बघितला, दोरीची कडी स्वतःच्या पाठीत अडकवली, दुसरा पट्टा हातात घेतला आणि काळूरामला अंगठा दाखवून खाली उतरली.

नीराच्या काखेतून पट्टा घालायला तिला वेळ लागला. चिखलात ओलं माणूस किती जड होतं ते आम्हाला ठाऊक आहे. मग तिने हात वर केला. तेव्हा मला सोडलं, आणि मीही दोरीला हात घातला. काळूराम पुढे, मग अल्पेश, मग आम्ही बायका. जाळं ओढतात तशी ओढली. घोडी कुरकुरली. नीराचं डोकं काठावर आलं, मान एका बाजूला पडलेली, ओठ जांभळासारखे.

तिला वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. अतिया मागोमाग वर आली, मास्क काढला आणि म्हणाली, "सगळे कपडे काढा. तेल अंगावर आहे तोवर विष आत जात राहील." काळूरामने तोंड फिरवून ताडपत्री आडवी धरली. आम्ही लुगडं फाडून काढलं, साबणाने आणि बादल्या बादल्या पाण्याने तिला धुतलं, बाळंतिणीला धुवावं तसं. अतियाने तिच्या नाकावर प्राणवायूची वाटी धरली. मी नीराचे तळवे चोळत होते आणि खंडोबाला काय काय कबूल करत होते ते आता आठवतही नाही.

नीरा खोकली. मग काळं पाणी ओकली. मग डोळे न उघडताच तिने हात करून ताडपत्रीच लुगड्यासारखी अंगावर ओढायचा प्रयत्न केला. तेव्हा मला कळलं, की आहे, बाई आहे.

अलिबागच्या दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. डॉक्टर मला म्हणाले, आणखी थोडा वेळ खाली राहिली असती तर हाती लागली नसती, आणि वरून कोणी उडी टाकली असती तर तोही तिच्याच शेजारी पडला असता. मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. अतिया तिथेच बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीला टाकीच्या पट्ट्यांचे वळ लागत होते.

"सुट्टीतही खड्ड्याला आडवी दोरी बांधून ठेवायला हवी होती," ती म्हणाली. "माझ्याकडून राहिली."

"दोरी असती तरी ती ओलांडून गेली असती. तू तिला ओळखत न्हायस."

नीरा शुद्धीवर आली तेव्हा पहिला प्रश्न तिने खांडीचा केला. अल्पेशने पोकलेनने वरूनच चांगली माती टाकून ती बुजवली होती, ते सांगितलं. मग तिने छताकडे बघत विचारलं, "तू का न्हाय आलीस?"

ह्याच प्रश्नाची मला भीती होती. सगळ्या खाडीत हा प्रश्न कोणालाच विचारावा लागत नाही. मी तिला सगळं सांगितलं. अतियाने कसं पाडलं, काय म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुला ओढताना ती घोडी मोडली असती, मग मी खालीच."

मी हसले आणि हसता हसता रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने नर्सला हाक मारली.

नीरा घरी आल्यावर आम्ही ठरवलं, की मुरुडला जायचं. आभार मानायचे तर ज्या घरानं ही पोर वाढवली त्या घरात जाऊन मानायचे. पांढऱ्या कांद्याची एक मोठी माळ घेतली आणि एक गावठी कोंबडी.

"कापून नेऊ?" मी म्हटलं.

"जिवंतच न्यायची. ते त्यांच्या पद्धतीनं कापतात," नीरा म्हणाली. "आपण कापलेली खायचे न्हाईत. तेवढं कळत न्हाय तुला?"

एसटीत कोंबडीने कंडक्टरच्या पिशवीवर घाण केली. नीराने त्याला एवढं सुनावलं, की शेवटी त्यानेच माफी मागितली.

रविवार होता. दार अतियानेच उघडलं. आम्हाला बघून तिचे डोळे मोठे झाले आणि तिने ओठावर बोट ठेवलं. मला कळलं. नीराला कधी खूण कळलेली नाही. अतियाची आई आतून पदराला हात पुसत आली, तशी नीरा तिच्या पायाशीच बसली आणि म्हणाली, "बाय, तुझ्या पोरीनं मला खड्ड्यातनं ओढून काढली. विषारी वारा होता आत. ती उतरली म्हणून मी ही तुझ्यासमोर बसलेय."

आई उभी होती तशीच राहिली. घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती अतियाकडे बघत होती आणि अतिया कांद्याच्या माळेकडे. आभार मानायला म्हणून आलो आणि एका आईच्या काळजात सुरी घातली, असं मला झालं.

तेवढ्यात कोंबडीचे पाय सुटले. ती ओटीवरून अंगणात, अंगणातून सुपारीच्या आळ्यात. अतिया सुटकेची संधी मिळाल्यासारखी तिच्यामागे धावली, उंबऱ्याला ठेचकाळली, चपलेचा एक पाय तिथेच राहिला आणि पाण्याची बादली लवंडली.

"बघा," आई म्हणाली. "ही अशी. लहानपणापासून हिला घाई. दूध उतू घालवते, शिवायला बसली तर सुई बोटात. आणि तुमच्या त्या खड्ड्यात..." ती थांबली. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, खरं सांगा. उतरली ती सगळं बांधूनच ना? की घाईत अशीच गेली?"

"सगळं बांधून," मी म्हटलं. "एक एक पट्टा ओढून बघितला तिनं. मी काठावर उभी राहून तिला शिव्या देत होते, तुमचं नाव काढून देत होते, तरी बघितला."

"माझं नाव?"

"व्हय. माफी मागते त्याची."

"नको," ती म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले आणि पहिल्यांदा खाली बसली, नीराच्या शेजारी. "शुक्र आहे अल्लाचा. मला वाटायचं, हिला मी काहीच शिकवू शकले नाही."

अंगणात अतियाने कोंबडी पकडली होती आणि ती काखेत दाबून धापा टाकत उभी होती. आईने तिला रागावून आत बोलावलं, मग तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं. कोंबडी मध्ये फडफडत होती.

"आता जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही," आई म्हणाली.

"आमी घाईत न्हाय," नीरा म्हणाली आणि कनवटीची मिश्रीची डबी काढली. मग डबी तशीच हातात धरून ती अतियाला म्हणाली, "पोरी, तुमची मोरी कुठं हाय गो? हात धुवायचेत."